पाकटांच्या गावी अर्धा दिवस

वाचकहो, समुद्र म्हटला की आम्हां घाटावरच्या माणसांच्या पोटात गोळा येतो. माझे गाव माण तालुक्यातले. पाणी म्हणजे विहिरीतले, आणि तेही मार्चपर्यंत टिकले तर. पोहायला शिकलो ते कमरेला वाळका भोपळा बांधून. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली, शेतीखात्यात विस्ताराच्या कामावर लागलो आणि गावोगाव बांधावरून हिंडण्यात तीस वर्षे गेली. असा माणूस कॅरिबियन समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पाकट माशांना हाताने खाऊ घालून आला, असे कोणी सांगितले तर आमच्या भावकीचा विश्वास बसायचा नाही. म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

आमची लेक परिचारिका आहे. चार वर्षांपूर्वी ती आणि जावईबापू ग्रँड केमन नावाच्या बेटावर नोकरीला गेले. 'आईबाबा, एकदा तरी या' हा तिचा धोशा. गेल्या फेब्रुवारीत शिल्लक अर्जित रजा टाकली आणि सौ.ना घेऊन निघालो. मुंबईहून लंडन, लंडनहून बहामा बेटांतले नासाऊ आणि तेथून पुढे केमन, असा तो प्रवास. सौ.नी बरोबर शेंगदाण्याच्या चटणीची पुरचुंडी आणि बाजरीच्या खारवड्या घेतल्या होत्या. त्या विमानतळावर कोणी उघडून पाहिल्या नाहीत याचा आनंद त्यांना परतीपर्यंत पुरला.

नकाशात क्यूबाच्या दक्षिणेला आणि जमैकाच्या वायव्येला तीन ठिपके दिसतात, ती केमन बेटे. आजही ती ब्रिटनच्या अखत्यारीत आहेत. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा तेथे सकाळचे आठ वाजलेले असतात. १५०३ साली कोलंबसाच्या जहाजांनी यांतली धाकटी दोन बेटे पाहिली. भोवती इतकी कासवे होती की त्याने नावच कासवांवरून ठेवले. ग्रँड केमन हे त्यांतले थोरले. लांबी सुमारे पस्तीस किलोमीटर, म्हणजे आपला एखादा लहानसा तालुका. नदी नाही, ओढा नाही, डोंगरही नाही. पिण्याचे पाणी समुद्राचे मीठ काढून तयार करतात.

सवयीप्रमाणे मी पहिल्या दिवशीच जमीन पाहिली. जमीन कसली, चुनखडीचा दगडच. किनाऱ्याजवळ तर तो इतका काळा, धारदार आणि भोकाभोकांचा की चपलेचा तळवा फाटावा. दगडाच्या खळग्यांत जी काय दोन-चार बोटे माती साचली आहे तिच्यात लोक आंबा, नीरफणस, केळी आणि कसावा लावतात. नांगराचा प्रश्नच नाही. पहार घेऊन खळगा करायचा आणि रोप खोचायचे. गुरेही थोडी आहेत. एके काळी येथे डास इतके असत की नाकातोंडात जाऊन गुरे गुदमरून मरत, असे जुनी माणसे सांगतात. १९६५ साली डासांच्या बंदोबस्तासाठी सरकारने वेगळे खातेच काढले, तेव्हा कोठे बेट राहण्याजोगे झाले. आज तेथे बँका आणि मोठमोठी हॉटेले आहेत. शेतीवर पोट भरणारा माणूस मात्र शोधावा लागतो.

आता मूळ विषयाकडे येतो.

बेटाच्या उत्तरेला समुद्र आत घुसून एक मोठा उथळ जलाशय झाला आहे. त्याला नॉर्थ साउंड म्हणतात. त्याच्या तोंडाशी प्रवाळाची लांबलचक रांग आहे. आपण शेताला बांध घालतो, तसा हा निसर्गाने समुद्राला घातलेला बांध. बाहेर लाटा फुटत असतात आणि आत पाणी तळ्यासारखे निवांत. या बांधाच्या आतल्या अंगाला वाळूचा एक उंचवटा आहे. त्या जागी पाकटे जमतात आणि ती पाहायला जगभरातून माणसे येतात.

कोकणातल्या वाचकांना पाकट सांगायला नको. घाटावरच्यांसाठी सांगतो. सुपाएवढा, कधी घोंगडीएवढा चपटा मासा, मागे चाबकासारखे शेपूट आणि त्या शेपटावर करवतीसारखा दातेरी काटा. काट्याला विषारी पापुद्रा असतो. मासा स्वभावाने गरीब. वाळूत अंग पुरून पडून राहतो. पण त्याच्यावर पाय पडला की शेपूट वर उसळते आणि काटा घोट्यात किंवा पावलात घुसतो.

तेथे जाण्याचे दोन मार्ग आहेत. पन्नास-साठ माणसांच्या मोठ्या बोटीत माणशी तिकीट काढायचे, किंवा आपल्यापुरती लहान बोट अर्ध्या दिवसाच्या भाड्याने घ्यायची. लेकीने आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या दोन कुटुंबांनी मिळून बोट ठरवली. एक केरळचे कुटुंब होते, एक फिलिपाइन्सचे. चार तासांचे साडेसातशे अमेरिकी डॉलर. तांडेल, त्याचा एक मदतनीस, इंधन, पाण्यात पाहायचे मुखवटे, अंगावर घालायची तरंगती जाकिटे आणि प्यायचे पाणी एवढे त्यात आले. मी मनातल्या मनात रुपये केले. पासष्ट हजारांच्या घरात गेले.

"अगं, एवढ्यात एक दुभती गाय येते," मी म्हणालो.

"बाबा, गाय तुम्ही पाहिलेली आहे," लेक म्हणाली. यावर काय बोलणार?

स्वतंत्र बोटीचा खरा फायदा मला नंतर कळला, तो वेळेचा. या बेटाला मोठ्या प्रवासी जहाजांसाठी धक्का नाही. जहाजे बाहेर समुद्रात उभी राहतात आणि छोट्या बोटींतून हजारो प्रवासी बंदरावर उतरतात. दहा वाजले की त्यातले कितीतरी वाळूच्या उंचवट्यावर येऊन पोचतात. मग यात्रेतल्या नदीकाठासारखी गर्दी. जहाजे कोणत्या दिवशी किती येणार याचे वेळापत्रक आधीच छापलेले असते. लेकीने ते पाहून जहाजे कमी असतील असा दिवस धरला आणि तांडेलाने सकाळी सातलाच धक्क्यावर बोलावले.

तांडेल साठीचा, काळासावळा, रुंद पंजांचा केमनी गृहस्थ होता. तेथे वडीलधाऱ्या बाईला नावामागे 'मिस' लावून हाक मारायची रीत आहे, मग ती नातवंडांची आजी का असेना. सौ.ना त्याने तशी हाक मारली तेव्हा त्या इतक्या लाजल्या की जावईबापूंना तोंड फिरवून हसावे लागले. सौ.नी पंजाबी पोशाख घातला होता. पोहण्याच्या कपड्यांचा विषय लेकीने काढला होता, पण तो घरातच मिटला.

बोट निघाली. उजवीकडे पार क्षितिजापर्यंत खारफुटीचे हिरवे दाट रान. ते त्यांनी राखले आहे ही गोष्ट मला आवडली. २००४ च्या सप्टेंबरात आयव्हन नावाचे चक्रीवादळ बेटावरून गेले, समुद्र घराघरांत शिरला, तेव्हापासून खारफुटीची किंमत तेथल्या लहान मुलालाही कळते, असे तांडेल म्हणाला. पाण्याचा रंग वर्णन करणे माझ्या आवाक्यातले नाही. मोरचुदाचे द्रावण पाहिले आहे ना तुम्ही, बोर्डो मिश्रणात चुना घालण्याआधीचे? ते चांगले पातळ केले म्हणजे जवळपास तसा.

अर्ध्या तासाने यंत्र मंदावले. तळाची वाळू स्वच्छ दिसत होती. आणि मग त्या वाळूवरून काळ्या सावल्या सरकत आमच्याकडे येऊ लागल्या. उन्हाळ्यात ढगांच्या सावल्या रानावरून धावतात, अगदी तशा. पाच, दहा, पंधरा. बोटीच्या आवाजालाच त्या ओळखत होत्या.

मुले शिडीवरून उतरली. केरळचे कुटुंब उतरले. लेक उतरली आणि आईला हात देऊ लागली. मी बाकावरून उठलो नाही.

"अहो, चला की," सौ. म्हणाल्या. "मी निघाले आणि तुम्ही बसून राहिलात?"

वाचकहो, मी का बसून राहिलो ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

१९९७ साली माझी बदली कोकणात झाली होती. एका खाडीकाठच्या गावात चारसूत्री भाताचे प्रात्यक्षिक घेतले होते. गिरिपुष्पाचा पाला, युरियाच्या गोळ्या, चार-चार रोपांचे चौकोन, सगळे त्या शेतकऱ्याने माझ्या शब्दावर केले. गाव त्याला हसत होते. ऑक्टोबरात पीक कापणीच्या प्रयोगाला मी गेलो आणि उतारा असा आला की हसणारे गप्प झाले. तो इतका खूश झाला की म्हणाला, "सायबानू, आज जेवूक हयच रवा." मी हो म्हटले. घरात मासळी नव्हती. साहेब पहिल्यांदाच जेवायला राहणार, तर नुसत्या डाळीवर कसे पाठवायचे? म्हणून तो पागेर घेऊन खाडीत उतरला. गुडघाभर पाण्यात त्याचा पाय पाकटावर पडला.

त्याला उचलून अंगणात आणले तेव्हा तो धडधाकट गडी लहान मुलासारखा ओरडत होता. कोणी दोरीने पाय करकचून आवळला, कोणी चुना भरला, कोणी हळद. मी कृषी पदवीधर, सगळे गाव माझ्याकडे पाहत होते, आणि काय करायचे ते मला माहीत नव्हते. मी पंख्याने वारा घालत बसलो. तालुक्याला न्यायला वाहन मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. जखम चिघळली. काट्याचा तुकडा आत राहिला होता तो फार उशिरा सापडला. शेवटी दोन बोटे काढावी लागली. पुढच्या वर्षीची लावणी त्याच्या बायकोने आणि भावाने केली. मी दोनदा भेटून आलो, मग माझी बदली झाली. अहवालात उताऱ्याचा आकडा गेला, तो अजून मला तोंडपाठ आहे. बाकीचे अहवालात लिहायला रकाना नव्हता.

तर ती सावली बोटीखालून जाताना मला ते अंगण दिसत होते.

तांडेल माझ्याकडे पाहत होता. त्याने विचारले, पोहता येत नाही का? मी म्हटले, विहिरीत येते. मग त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोन वाक्यांत हकिगत सांगितली. तो हसला नाही. एवढेच म्हणाला, "पाय उचलून टाकू नका. वाळूत घासत चाला. तुमचा पाय त्याच्या अंगाला बाजूने लागला तर ते सरकते. वरून पडला तरच ते घाबरते."

इतके साधे. खाडीत उतरणाऱ्याने पाऊल उचलून टाकायचे नाही, चिखल नांगरल्यासारखे पुढे ढकलायचे. मी उतरलो.

तेथे पायांत काही घालू देत नाहीत, कारण पादत्राणांनी माशांना इजा होते. पाणी कमरेपर्यंत, कोमट. मी नवरदेवासारखा पाऊल घासत चाललो होतो. पहिले पाकट पोटरीला घासून गेले तेव्हा डोळे मिटून घेतले. स्पर्श मऊ, बुळबुळीत, भिजलेल्या मखमलीसारखा. पाठीच्या मधोमध मात्र बारीक खरखरीत काट्यांची रेघ असते. दुसरे आले. तिसरे तर सरळ छातीवर चढू लागले. तेवढ्यात मागून सौ.चा आवाज आला, "अहो, हे तर वासरासारखं ढुशी देतंय!" पाहतो तो पाण्यात उभ्या राहिलेल्या आमच्या सौ., ओढणी कमरेला खोचलेली, आणि एक भले मोठे पाकट त्यांच्या पोटाशी लागलेले. ज्या बाईने जन्मात विहिरीची पायरी उतरली नाही, ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. गोठ्यात फिरवते तसाच.

तांडेलाने खाऊ दिला, माकुलाचे तुकडे. तुकडा मुठीत धरायचा, अंगठा आत दुमडायचा आणि मूठ पाण्याखाली त्याच्यापुढे न्यायची. पाकटाचे डोळे वर आणि तोंड खाली, त्यामुळे तोंडापुढचे त्याला दिसत नाही. वासाने कळते, शिवाय वाळूतल्या जिवांच्या अंगातून निघणारी अत्यंत सूक्ष्म वीज ओळखण्याची इंद्रिये त्याच्या तोंडाभोवती असतात. ते मुठीवर सरकते आणि सर्रकन तुकडा ओढून घेते. चावत नाही, शोषते. दातांऐवजी शिंपले भरडायच्या पट्ट्या असतात, जात्याच्या पाळीसारख्या. डोळ्यांमागे दोन भोके उघडझाप करीत असतात, वाळूत पडल्या पडल्या श्वासाचे पाणी तेथून आत घ्यायचे. अंगात हाड एकही नाही, सगळा सांगाडा कुर्चेचा. अंडी बाहेर घालत नाहीत, पोटात उबवून पिल्ले जन्माला घालतात. तेथे जमणाऱ्यांत बहुतेक माद्याच होत्या. माद्या मोठ्या, नर त्यांच्या निम्म्याने. तांडेल एकेकीला ओळखत होता. एकीच्या कडेचा लचका तुटलेला, एकीचे शेपूट आखूड. शास्त्रज्ञ अधूनमधून त्यांना पकडून मोजतात, त्यांच्या कातडीखाली ओळखीचा बारीक दाणा बसवतात. आपण गाईच्या कानात बिल्ला मारतो त्यातलाच प्रकार.

ही माणसाळली कशी? ऐकण्याजोगे आहे. पूर्वी कोळी बाहेरच्या समुद्रातून मासेमारी करून येत आणि बांधाच्या आत, या निवांत पाण्यात, मासे व शंख साफ करीत. किनाऱ्यावर डास फोडून काढत, म्हणून हे काम पाण्यातच उरकायचे. आतडी-कोतडी पाण्यात टाकायची. पाकटांना ती जागा कळली, मग बोटीचा आवाज कळला. १९८० नंतरच्या दशकात पाणबुड्यांनी त्यांना हाताने भरवायला सुरुवात केली आणि बघता बघता धंदा उभा राहिला. कोणी पिंजरा केला नाही, जाळे लावले नाही. नुसत्या उकिरड्याने हे घडवले.

येथे मात्र माझ्यातला विस्तारवाला जागा झाला. मी तांडेलाला विचारले, ही जनावरे एरवी खातात काय? वाळूतले खेकडे, कोळंबी, शिंपले, किडे. आणि माकूल? ते त्यांचे नेहमीचे खाणे नव्हे, बहुतेक बाहेरून विकत आणलेले. म्हणजे चारा आपला नाही, आंबोण विकतचे. शास्त्रज्ञांनी या पाकटांचे रक्त तपासले, तेव्हा दूर राहणाऱ्या रानटी पाकटांपेक्षा त्यांची प्रकृती उणी निघाली. अंगावर बोटींच्या जखमा अधिक आणि कातडीवर गोचिडासारखे परजीवीही अधिक. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसले की रानटी पाकट रात्री हिंडते आणि दिवसा पडून असते, पण येथले उलट, दिवसा जागे आणि रात्री गप्प. शिवाय एरवी लांबलांब विखुरलेले जनावर येथे एवढ्याशा जागेत दाटीने राहते. दाटीच्या गोठ्यात काय होते ते तुम्हांला मी सांगायला नको.

एक काळ संख्याही घटत चालली होती. मग २०१३ मध्ये कायदा होऊन बेटांच्या सगळ्या पाण्यात पाकट मारण्याला व पकडण्याला बंदी आली. या जागेसाठी वेगळे नियम आहेत. पाकट पाण्याबाहेर उचलायचे नाही, बोटवाल्याने दिलेल्याखेरीज दुसरे काही खाऊ घालायचे नाही. नियम पाळतात, असे मला दिसले. पण एक कोडे सुटले नाही. जिवंत पाकट आयुष्यभरात माणसांच्या किती संसारांना पोसते, याचा हिशेब तेथे प्रत्येकाला पाठ आहे, म्हणून ते जपले जाते. हिशेब उलटा असता तर? २०२० च्या मार्चात साथीमुळे जहाजे बंद झाली ती दोन वर्षे आली नाहीत. ते दिवस तांडेलाला विचारले तर त्याने नुसता हात हलवला. त्याने दुसऱ्यांच्या घरांना रंग देऊन पोट भरले म्हणे. पाकटांचे विचारले, तर म्हणाला, "त्यांना वाळू आहे. मला नव्हती."

एवढ्यात पहिली मोठी बोट दिसू लागली आणि आम्ही वर चढलो. पुसून बसल्यावर मी त्याला मनातला प्रश्न विचारला. काटा लागलाच तर काय करता?

त्याने बाकाखालून दोन मोठे थर्मास काढून दाखवले. चहाचे असतील असे मला वाटले होते. "गरम पाणी," तो म्हणाला. तरुणपणी त्याच्या स्वतःच्या घोट्याला लागला होता, तो व्रणही त्याने दाखवला.

गरम पाणी. मी लेकीकडे पाहिले. ती मान हलवून म्हणाली, "हो बाबा, आमच्याकडेही हेच करतात." मग तिने सगळे नीट सांगितले, ते खाडीकाठच्या वाचकांनी कृपा करून नीट वाचावे. पाकटाचे विष उष्णतेने निकामी होते. जखम आधी स्वच्छ पाण्याने धुवायची. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे सुमारे ४५ अंश, पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. पाणी निवले की पुन्हा गरम घालायचे. दुखऱ्या पायाला चटका कळत नाही, तेव्हा आधी दुसऱ्या चांगल्या पायाने किंवा घरातल्या माणसाच्या हाताने पाणी पाहायचे. उकळते कधीही ओतायचे नाही. वेदना बहुधा लवकर उतरते. दोरीने आवळायचे नाही, चुना-हळद भरायची नाही. छातीत, पोटात किंवा मानेत काटा घुसला असेल तर तो ओढून काढायचा नाही, तसाच ठेवून तातडीने इस्पितळ गाठायचे. २००६ साली ऑस्ट्रेलियाचे प्रसिद्ध प्राणिमित्र स्टीव्ह आयर्विन छातीत काटा लागूनच गेले. आणि पाण्याने बरे वाटले तरी डॉक्टरकडे जायचेच. तुकडा आत राहतो, धनुर्वाताची सुई लागते, जखम चिघळू शकते.

मी खिशातल्या वहीत उतरून घेतले. हात ओला होता, शाई पसरली.

पुढे बोट प्रवाळाच्या बागेत नेली. येथे पाणी पुरुषभर खोल. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात वाकडी नळी, पायांत रबराची वल्ही आणि अंगात तरंगते जाकीट, असा थाट. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकून चोळायचे, हे ऐकून सौ.नी नकारच दिला. त्या बोटीच्या शिडीला धरून नुसते तोंड बुडवून पाहत राहिल्या आणि तेवढेही त्यांना पुरे झाले. नळी प्रथम नकोशी वाटते, नाकाने श्वास घ्यायची सवय सुटत नाही आणि दोन-चार घोट खारे पाणी पोटात जाते. एकदा तोंडाने सावकाश श्वास घ्यायचे जमले की पाण्यावर पालथे पडून राहायचे, बाकी काही करायचे नाही. प्रवाळावर पाय मात्र ठेवायचा नाही. तो दगड नव्हे, जिवांची वसाहत आहे, आणि बोटभर वाढायला त्याला वर्षे लागतात.

खाली काय नव्हते! सांबराच्या शिंगांसारखी, मेंदूच्या वळ्यांसारखी, जांभळ्या पंख्यांसारखी प्रवाळे. पिवळ्याकाळ्या पट्ट्यांचे लहान मासे थव्याने अंगावर येत. पण माझे लक्ष वेधले ते पोपटमाशाने. पोपटासारखी चोच, हिरवानिळा रंग, आणि कुरूकुरू प्रवाळ खात हिंडणारा. तो चुनखडी भरडतो, त्यातले शेवाळ पोटात घेतो आणि उरलेले बारीक पांढरी वाळू करून मागे टाकतो. पाण्यात कान दिले की भरडण्याचा आवाज ऐकू येतो. ज्या पांढऱ्या किनाऱ्यांसाठी लोक एवढे पैसे मोजतात त्यांतली बरीचशी वाळू अशी तयार झालेली. माती तयार होण्याच्या क्रिया मी वर्गात शिकलो, शेतकऱ्यांना शिकवल्या, पण मातीचा कारखाना चालू असताना पहिल्यांदाच पाहिला.

सगळेच साजिरे नव्हते. कितीतरी प्रवाळे पांढरी मेलेली, वर शेवाळ चढलेले. २०२० साली प्रवाळांचा एक झपाट्याचा रोग या बेटाला लागला आणि २०२३ च्या उन्हाळ्यात समुद्र इतका तापला की उरलेल्यांपैकी पुष्कळ पांढरी पडली. बोटीतून उडी मारणाऱ्या पोरांना ते कळत नाही. मला मात्र करपा पडलेल्या प्लॉटमध्ये उभे असल्यासारखे झाले. म्हणूनच अंगाला उन्हाची मलमे चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, असे तांडेल सगळ्यांना सांगत होता. ती मलमे पाण्यात उतरतात.

शेवटी एका उथळ किनाऱ्याला थांबून तळहाताएवढे तांबूस तारामासे पाहिले. तेही पाण्याबाहेर काढायचे नाहीत. साडेअकराला आम्ही धक्क्यावर होतो. सौ.नी चटणीची अर्धी पुरचुंडी तांडेलाच्या हातावर ठेवली. त्याने चिमूटभर तोंडात टाकली, डोळ्यांतून पाणी काढले आणि उरलेली जपून खिशात ठेवली.

एवढ्या लांब जाणे सगळ्यांना जमणार नाही, जायची गरजही नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ असेच मुखवटे लावून प्रवाळ आणि मासे दाखवतात. पावसाळा सोडून जा, सकाळी लवकर जा, आणि माशांना पाव टाकू नका. बोटवाला देईल, तरी नको म्हणा.

मे महिन्यात मी त्या खाडीकाठच्या गावी गेलो. अठ्ठावीस वर्षांनी. घर तेच, अंगण तेच, भात आता मुलगा लावतो. म्हातारा ओसरीवर बसला होता. त्याने मला लगेच ओळखले. मी त्याला पाकटांचे सगळे सांगितले, सौ. पाण्यात उतरल्या तेही सांगितले, आणि मग पाय घासत चालण्याचे आणि गरम पाण्याचे सांगितले. वहीतले पान त्याच्या मुलाला उतरवून दिले. म्हातारा बराच वेळ पायाकडे पाहत राहिला. मग म्हणाला,

"तेवा चुलीर आदण होता मा, सायबानू. तुमच्याच भाताचा."